ओठ ओले, म्हणून उललेले

आमच्या धाकट्याला दुसऱ्या वर्षीच मिशा फुटल्या होत्या. निदान लांबून तरी तसंच दिसायचं. वरच्या ओठापासून खाली हनुवटीपर्यंत लालसर-तपकिरी कडं, चहा पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखं. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण ते पुसायचा. मी पदरानं, सासूबाई लुगड्याच्या शेवानं, त्याचे बाबा खिशातल्या रुमालानं. कडं काही निघायचं नाही, लेकरू मात्र किंचाळायचं. जवळ घेऊन पाहिलं की कळायचं, ओठ उललेत, मधल्या भेगेतून रक्ताचा ठिपका आलाय आणि भोवतीच्या कातडीला पापुद्रे सुटलेत, आमच्या पूर्णा नदीच्या पात्रात मार्चमध्ये गाळाला सुटतात तसे. आठ-दहा दिवसांत जरा बरं वाटायचं, की पुन्हा तेच. दिवाळीला सुरू झालेलं हे प्रकरण होळीपर्यंत चाललं.

तुमच्या घरात सध्या असंच काही चालू असेल, तर दोन घटका बसा. मी डॉक्टर नाही. पाच महिने चुकत चुकत जे कळलं, आणि नंतर जाणत्या माणसांना विचारून जे पक्कं झालं, तेवढंच सांगते.

आमचं जाफराबाद पूर्णेच्या काठी, जिथं दुसरी नदी तिला येऊन मिळते. त्या दुसरीला कुणी केळना म्हणतं, कुणी खेळणा. लेकरांच्या गोष्टीत मला खेळणाच बरी वाटते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. दिवाळीनंतर उत्तरेचं वारं सुटलं की हवेतली ओल जाते. दोरीवरचं धुणं दुपारच्या आत कडकडीत वाळतं. कापूस वेचणीचे दिवस तेच. घरी सांभाळायला कुणी नसलं की लेकरू शेतात येतं, बांधावरच्या झोळीत नाहीतर मातीत. त्यामुळं ओठ फुटले की सगळ्यांचं उत्तर तयार असतं: थंडी. शेजारच्या काकूंचं मत, अंगात उष्णता झाली. आमच्या वाड्यातल्या एका आजोबांचं मत, जंत. आणि सासूबाई म्हणाल्या, “लेकराच्या बेंबीत तेल सोड, माय. आम्ही सहा लेकरं अशीच वाढवली.”

बेंबीतल्या तेलाला मी हसत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या बेंबीत खोबरेल तेलाचे दोन थेंब पडल्यानं काही बिघडत नाही. पण बेंबीपासून ओठापर्यंत ते तेल पोचवणारी कुठली वाट शरीरात नाही. तेल ओठावर हवं असेल तर ओठावरच लावावं लागतं. तान्ह्या बाळाची नाळ अजून गळून पडली नसेल तर मात्र तिथं तेल, हळद, राख काहीच नको. तिथून जंतू आत जातात. ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

तर आम्ही तेल सोडलं. मग ओठाला साजूक तूप लावलं. तूप बरं पडेल असं वाटलं होतं, पण दोन मिनिटांत तूप गायब. पुन्हा लावलं, पुन्हा गायब. साय लावली, तीही गेली. मध लावला तेव्हा तर पठ्ठ्या बोट दाखवून आणखी मागायला लागला. आम्हाला वाटलं, कातडीच इतकी कोरडी आहे की सगळं शोषून घेतेय. कुणाच्याही लक्षात आलं नाही की शोषून घेणारी कातडी नव्हती, जीभ होती.

त्यानंतर मी जी चूक केली ती आजही सलते. औषधाच्या एका दुकानातून, चिठ्ठीबिठ्ठी काही न दाखवता, “लेकराच्या तोंडाला लावायला काहीतरी द्या” म्हणून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत कडं नाहीसं! मी ती ट्यूब तीन मैत्रिणींना सांगितली. ती संपली आणि आठवड्याच्या आत कडं परत आलं, आधीपेक्षा लाल, वर बारीक पुळ्या घेऊन. त्या मलमात स्टिरॉइड होतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, म्हणजे सगळ्या रोगांवर एकच गोळीबार. अशी मलमं लाली झटकन दाबतात, पण तोंडाभोवतीच्या कोवळ्या कातडीवर लावत राहिलं तर ती पातळ होते आणि बंद करताच उसळी मारते. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची मोकळीक सरकारनं २०१८ साली काढून घेतली, ती उगाच नाही. देणारा चुकला हे खरं, पण मागणारी मी होते.

शेवटी जालन्याला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तोंड पाहिलं, घसा पाहिला, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. मग म्हणाल्या, “ताई, याचे ओठ कोरडे आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं? हे सारखे ओले आहेत. इथं बसा आणि पंधरा मिनिटं फक्त याची जीभ मोजा.”

मी मोजली. एकतीस वेळा. बसल्या बसल्या, भिंतीवरचं चित्र बघताना, बाहेरच्या गाडीचा आवाज ऐकताना, जीभ बाहेर यायची, वरचा ओठ, खालचा ओठ, अर्धं वर्तुळ, आत. आणि जीभ जिथपर्यंत पोचत होती, बरोब्बर तिथंच ते कडं संपत होतं, जणू कंपासानं आखलेलं. पाच महिने मी रोज त्या तोंडाकडे पाहत होते आणि ही एवढी सरळ गोष्ट मला दिसली नव्हती.

बाईंनी सांगितलं ते असं. ओठाची कातडी गालापेक्षा खूप पातळ. अंगभर कातडीला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात, घामाच्या असतात. ओठाच्या लाल भागाला त्यांचं पाठबळ जवळजवळ नाहीच. म्हणून वाऱ्यानं पहिली भेग पडते ती तिथं. भेग पडली की चुरचुरतं, लेकरू जीभ फिरवतं, क्षणभर बरं वाटतं. मग लाळ वाळते आणि वाळताना कातडीतली असलेली ओलही घेऊन जाते. शिवाय लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, ती अन्न पचवायला केलेली आहे. तिच्यातली पाचक द्रव्यं भाकरीवर काम करतात तशी त्या उघड्या कातडीलाही बोचत राहतात. जास्त चुरचुरतं, जास्त चाटलं जातं. थंडी फक्त सुरुवात करून देते. पुढचा फेरा जीभ चालवते.

हे कळल्यावर तूप-मधाचा उलगडा झाला. गोड, चविष्ट जे जे ओठाला लावाल ते ते जिभेला आमंत्रण. बाजारात मिळणारा स्ट्रॉबेरीच्या वासाचा लिप बामही त्याच पंगतीत बसवा. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला तो खाऊच वाटतो. मधाचं आणखी एक सांगून ठेवते: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध ओठावरसुद्धा नको, चाटणातही नको. मधात असलेल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला हातपाय लुळे करणारा आजार होऊ शकतो. आणि तोंड आलं की मधात टाकणखाराची लाही खलून लावायची आपल्याकडची जुनी रीत आहे, ती लहान लेकरांसाठी सोडूनच द्या. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि तो पोटात जाणं लहान मुलांना विषारी ठरतं. कापूर, मेंथॉल असलेले थंडगार बामही ओठांपासून लांब ठेवा. झोंबतात ते वेगळंच, पण कापूर पोटात गेला तर लेकराला झटके येऊ शकतात.

मग लावायचं काय? साधी, पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. आपण सगळेच तिला व्हॅसलिन म्हणतो. त्याला चव नाही, म्हणून जिभेला त्यात रस नाही. ते कातडीत मुरत नाही, वर थर धरून बसतं; लाळ बाहेर राहते, ओल आत राहते. याचा जनक रॉबर्ट चेस्ब्रो. अमेरिकेत खनिज तेलाच्या विहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारं मेण कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात हे त्यानं पाहिलं, ते शुद्ध केलं आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. तो स्वतः रोज चमचाभर खायचा असंही सांगतात. तुम्ही चमच्यानं भरवू नका, पण ओठावरचं थोडंफार पोटात गेलं म्हणून घाबरूही नका.

लावण्यातही गंमत आहे. आम्ही इतके दिवस फक्त ओठाला लावत होतो. खरं तर जीभ जिथवर जाते तिथवर लावायचं, म्हणजे नाकाखालपासून हनुवटीच्या खळीपर्यंत, दोन्ही कोपरे धरून. जेवणाआधी लावायचं, कारण वरणाचं आंबट, भाजीचं तिखट-मीठ उघड्या भेगांना लागतं. जेवण झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडानं टिपायचं आणि पुन्हा लावायचं. टिपायचं म्हणतेय, पुसायचं नाही. आपला पदर कितीही मायेचा असला तरी उललेल्या ओठाला तो काथ्यासारखाच. सुगंधी ओले रुमाल तर नकोच. सुटलेली साल ओढून काढायची नाही, जेलीखाली ती आपोआप मऊ पडून निघते. आणि सगळ्यात महत्त्वाचा थर रात्रीचा. झोपेत जीभ शांत असते; तोच एक वेळ, जेव्हा ओठाला कुणी छळत नाही.

आणि “चाटू नको!” म्हणणं बंद करायचं. आमच्या घरी चौघं मिळून दिवसातून पन्नास वेळा ते म्हणत होतो, आणि प्रत्येक वेळी त्याला जिभेची आठवण करून देत होतो. दोन वर्षांच्या लेकराला ‘नको’पेक्षा ‘चाट’ आधी ऐकू येतं. काहींनी कडुनिंबाचा रस लावायचा सल्ला दिला, कडू लागलं की सोडेल म्हणून. जखमेवर कडू चोळून आईच शिक्षा करतेय, एवढंच त्याला कळलं असतं. आम्ही त्याऐवजी जीभ बाहेर आली की हातात पाण्याचा पेला द्यायला लागलो, नाहीतर शिट्टी. शिट्टीनं घर डोक्यावर घेतलं, पण शिट्टी वाजवताना चाटता येत नाही. नवव्या-दहाव्या दिवशी कडं फिकट झालं, तीन आठवड्यांत गेलं. कातडीचा रंग मात्र तिथं महिनाभर जरा काळपट राहिला. सावळ्या कातडीवर तो राहतोच, त्यावर पुन्हा क्रीम शोधत बसू नका.

लेकरू का चाटतं, हेही एकदा पाहावं. दाढा येत असतील तर लाळ गळते, गळ्याला लाळेरं बांधा आणि ओलं झालं की बदला. चोखणीची सवय असेल तर तिच्या चकतीखाली लाळ साचून गोल चट्टा उठतो. नाक चोंदलेलं असेल तर लेकरू तोंडानं श्वास घेतं, रात्रभर ओठांवरून हवा जाते. सर्दी नसतानाही तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागच्या गाठी वाढल्यात का ते डॉक्टरांना विचारा. टूथपेस्ट झोंबणारी, फेसाळ असेल तर ओठाच्या कडा तिनंही सोलतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. दहा रुपयांच्या पुड्यातले तिखट-आंबट कुरकुरीत पदार्थ निदान ओठ बरे होईपर्यंत तरी बंद. मे महिन्यात देठाकडचा चीक न काढता दिलेला आंबाही तोंड पोळवतो.

आणि आपल्या भागाचं खास दुखणं म्हणजे मिरची. भोकरदन-जाफराबाद पट्टा मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हंगामात मिरचीचे ढीग पाहिले असतील. दिवसभर मिरची तोडून आलेली आई हात धुते, लेकराला जवळ घेते, बोटानं तोंड टिपते, आणि लेकरू पेटल्यासारखं रडतं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून शेतातून आल्यावर आधी हाताला, नखांच्या बाजूला गोडतेल चोळा, मग साबणानं धुवा, दोनदा. मगच लेकराला हात लावा.

आता कोपऱ्यांविषयी. मधला ओठ नीट, पण तोंडाचे दोन्ही कोपरे चिरलेले, आ केलं की फाटणारे, बरे होऊन पुन्हा पुन्हा चिरणारे असतील, तर गोष्ट जिभेच्या पुढं जाते. कोपऱ्यात लाळ साचून बुरशी किंवा जंतू धरतात, त्याचं औषध डॉक्टर देतील. पण परत परत का, याचं उत्तर बरेचदा रक्तात असतं. बाईंनी आमच्या धाकट्याची पापणी ओढून पाहिली ती त्यासाठीच. त्याचं हिमोग्लोबिन कमी निघालं. मला पटेना. दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध पिणारं, गुटगुटीत लेकरू!

दुधातच मेख होती. दुधात बी-२ जीवनसत्त्व भरपूर, लोह मात्र नावाला. लिटरभर दूध पिऊन पोट भरलेलं लेकरू भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. वर सकाळ-संध्याकाळ चहात बुडवलेलं बिस्किट. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. दहातली सात म्हणा. म्हणजे हे नुसतं गरिबाच्या झोपडीतलं दुखणं नाही, दुधाच्या कपात वाढणारंही आहे. वर्षावरच्या लेकराला दिवसाला अर्धा लिटर दूध भरपूर झालं. बाकीची जागा मेथी-पालकाच्या वरणाला, हरभऱ्याला, बाजरीच्या भाकरीला द्या, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. खाणाऱ्यांच्या घरात अंडं आणि मऊ शिजवलेलं मटण.

आशाताई लोहाच्या पातळ औषधाची बाटली देऊन जातात ना? सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर. आमची बाटली फळीवर धूळ खात होती, मी कबूल करते. शी काळी झाली म्हणून सासूबाईंनी बंद करवली होती. शी काळी होतेच, त्यात भिण्यासारखं काही नाही. दुधासोबत मात्र देऊ नका. मुलाचं रक्त आधीच कमी असेल तर मोठा डोस डॉक्टर ठरवतात, आपण नाही. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. आपल्याच राज्यातल्या पालघरमध्ये २०१३ साली त्याची सुरुवात झाली. तपासणीच्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि डॉक्टरांना तोंडाचे कोपरे दाखवा.

आता ज्यात व्हॅसलिन लावत बसायचं नाही, ते. ओठाभोवती मधाच्या रंगाची खपली धरली, ती पसरतेय, घरातल्या दुसऱ्या लेकरालाही उठलीय, तर तो जंतूंचा संसर्ग. औषध लागतं, टॉवेल वेगळा लागतो. ताप, तोंडात फोड, हिरड्या सुजलेल्या, पाणीही पीत नाही, तर त्याच दिवशी दाखवा. ज्या मोठ्या माणसाच्या ओठावर तापाचे फोड आलेत त्यानं लेकराचा मुका घ्यायचा नाही; आजोबा रुसले तर रुसू द्या. जुलाब होतायत, ओठ सुकलेत, सहा तासांत लघवी नाही, तर जलसंजीवनी पाजत पाजत दवाखाना गाठा. आणि एक नाव लक्षात ठेवा: कावासाकी. पाच दिवस हटत नाही असा ताप, ओठ लालभडक आणि फुटलेले, जीभ लाल दाणेदार, डोळे लाल पण चिपडं नाहीत, अंगावर पुरळ, हातापायांना सूज. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. जपानचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली हा आजार प्रथम सविस्तर मांडला. पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त होतो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो. पहिल्या दहा दिवसांत योग्य उपचार मिळाले तर तो धोका खूप कमी होतो. असं वाटलं तर गावात वाट पाहू नका, जालना किंवा थेट संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा.

धाकटा आता शाळेत जातो. त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोत ते कडं स्पष्ट दिसतं, आणि कापलेल्या केकच्या मागं जीभही. कॅमेऱ्याला दिसली, आम्हाला नाही दिसली.

उद्या सकाळी लेकरू खेळत असताना पंधरा मिनिटं काही न बोलता त्याची जीभ मोजा. पण आज रात्री, ते गाढ झोपलं की, बोटभर व्हॅसलिन घ्या आणि नाकाखालपासून हनुवटीपर्यंत लावा. हलक्या हातानं, जागं होऊ न देता.